रबरी राक्षस आणि आपले हसू

पुढील दृश्य डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ आहे. टोकियो शहरातील दिवे लुकलुकत आहेत. इतक्यात समुद्राचे पाणी फुगते आणि त्यातून पन्नास मीटर उंचीचा, सरड्यासारख्या कातडीचा एक प्राणी वर येतो. दोन पायांवर चालत तो शहरात शिरतो. आगगाडीचा डबा तोंडात धरतो, तोंडातील ज्वाळेने विजेच्या तारांचे मनोरे वितळवतो. लोक सैरावैरा पळत सुटतात. एक आगीचा बंब भरधाव येतो आणि वळणावर उलटतो.

प्रसंग मोठा भयंकर आहे. पण नेमका तो बंब उलटतो तेव्हा शेजारी बसलेला तुमचा मित्र फसकन हसतो, आणि पाठोपाठ तुम्हीही! कारण तो बंब खऱ्या बंबासारखा उलटतच नाही. जत्रेतून आणलेले पत्र्याचे खेळणे पाटावरून खाली पडावे, तशी तो टुणकन कोलांटी खातो.

जुन्या जपानी विज्ञानपटांना हसणारे तुम्ही पहिलेच नाही. अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरातून १९८८ साली दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नाव ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’. त्यात एक माणूस आणि दोन यंत्रमानव चित्रपटगृहात बसून जुने चित्रपट पाहतात. पडद्याच्या तळाशी त्यांच्या काळ्या आकृत्या दिसतात आणि चित्रपट चालू असताना त्यांची शेरेबाजीही चालू असते. १९९१ साली त्यांनी गामेरा नावाच्या उडणाऱ्या राक्षसी कासवाच्या पाच चित्रपटांची अशी यथेच्छ टर उडवली. प्रेक्षकांना ती इतकी आवडली की, वाईट चित्रपट मुद्दाम शोधून पाहणे हा अनेकांचा छंदच होऊन बसला.

हसायला हरकत नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हसून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा : मला हसू का आले? पन्नास मीटरचा प्राणी मी कधी पाहिलेला नाही. मग तो खोटा आहे हे मला कोणी सांगितले? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर आपण गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या दारात जाऊन पोचतो. आणि आणखी पुढे गेलो, तर अशा एका जागी पोचतो जिथे हसू आपोआप थांबते.

हसू कशाचे येते?

आपल्या मनाची एक अपेक्षा असते आणि डोळ्यांना दिसते भलतेच. या दोहोंत विसंगती असली, आणि तिच्यापासून आपल्याला काही धोका नसला, की हसू येते. पुष्कळ विचारवंतांनी हास्याचे हेच कारण दिले आहे. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही हास्यरसाच्या कारणांमध्ये विचित्र वेष आणि विचित्र अलंकार यांची गणना केलेली आहे. घडी पडलेले रबरी कातडे घालून दिमाखात चालणारा राक्षस पाहिला असता, तर भरतमुनींनी त्याला या यादीत नक्कीच जागा दिली असती!

दुसरी गोष्ट सोबतीची. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोक केव्हा आणि कसे हसतात याच्या नोंदी केल्या. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट अधिक वेळा तो चारचौघांत हसतो, असे त्याला आढळले. एकट्याने पाहिलेला रद्दी चित्रपट कंटाळवाणा वाटतो, तोच मित्रांबरोबर पाहिला की धमाल येते, याचे रहस्य इथे आहे. त्या कार्यक्रमातल्या तीन काळ्या आकृत्या घरी एकट्या बसलेल्या प्रेक्षकाला हीच सोबत देत होत्या.

पण विसंगती कळायला आधी संगती ठाऊक असावी लागते. बंब कसा उलटतो, भिंत कशी कोसळते, पाणी कसे उडते, हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते. रांगायला लागल्यापासून वस्तू पाडून, फोडून, सांडून आपण ते पाहिलेले असते. पुस्तकातले सूत्र येण्यापूर्वी आपल्या डोळ्यांना गुरुत्वाकर्षण माहीत झालेले असते. राक्षसाचे बिंग फोडतात ते हे डोळे.

राक्षस कसा तयार झाला?

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे गोजिरा. जगभर तो ‘गॉडझिला’ या नावाने प्रसिद्ध आहे. गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या जोडणीतून त्याचे जपानी नाव आले. तोहो या कंपनीचा हा चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते इशिरो होंडा आणि चमत्कृतिदृश्यांची जबाबदारी होती एइजी त्सुबुराया यांच्यावर.

अमेरिकेत १९३३ साली ‘किंग काँग’ निघाला, तेव्हा एक छोटी बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची, अशा रीतीने वानर जिवंत केले होते. त्सुबुराया त्या चित्रपटाचे चाहते होते. पण पडद्यावरील एका सेकंदाला २४ चित्रे लागतात. एवढा वेळ आणि पैसा जपानी कंपनीजवळ नव्हता. म्हणून त्यांनी साधा मार्ग काढला. तारांची जाळी, बांबूच्या कामट्या, कापड आणि रबर यांचा एक पोशाख बनवला आणि त्यात माणूस घातला. टोकियो शहराची प्रतिकृती मूळ शहराच्या एक पंचविसांश मापाने उभारली. पन्नास मीटरला पंचविसाने भागले की दोन मीटर येतात. म्हणजे पोशाखातला माणूस त्या शहरात बरोबर पन्नास मीटरचा दिसणार!

पोशाखाचे वजन होते सुमारे १०० किलोग्रॅम. आत होते हारुओ नाकाजिमा. चित्रीकरणाच्या प्रखर दिव्यांखाली, जेमतेम हवा मिळणाऱ्या त्या रबरी भट्टीत ते घामाने निथळत. थोडी पावले टाकली की थांबावे लागे. जड प्राणी कसे चालतात हे समजावे म्हणून त्यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले यांची चाल न्याहाळली होती. १९५४ पासून १९७२ पर्यंत त्यांनी गॉडझिलाची भूमिका केली. पुढच्या वेळी रबरी राक्षसाला हसाल, तेव्हा आतल्या माणसाची आठवण ठेवा.

विटा खोटे बोलत नाहीत

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. दिवाळीत तुम्ही अंगणात किल्ला करता. मातीचा बुरूज वीतभर उंच आणि त्यावर बसवलेला मावळा बुरुजाएवढाच! तरीही किल्ला शोभून दिसतो. कारण तो स्थिर असतो. आता त्या बुरुजाचा एक चिरा खाली पाडा. लगेच कळते की, हा बुरूज खरा नव्हे. असे का?

पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा गॅलिलिओचा नियम तुम्ही शिकलाच आहात. गुरुत्वत्वरण सोयीसाठी दर सेकंदाला १० मीटर प्रतिसेकंद धरले, तर वस्तू पहिल्या सेकंदात ५ मीटर पडते. दोन सेकंदांत एकूण २० मीटर आणि तीन सेकंदांत ४५ मीटर. उंची चौपट तर वेळ दुप्पट, उंची नऊपट तर वेळ तिप्पट.

पन्नास मीटर उंच इमारतीच्या माथ्यावरून सुटलेली वीट जमिनीवर पोचायला साधारण ३.२ सेकंद घेते. प्रतिकृतीची उंची दोन मीटर. तिच्यावरून सुटलेला तुकडा फक्त ०.६४ सेकंदात खाली येतो. इमारत पंचवीसपट लहान झाली, पण पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण काही लहान झाले नाही. पडद्यावर आपल्याला काय दिसते? पन्नास मीटरची इमारत अर्ध्या-पाऊण सेकंदात भुईसपाट! असे घडायचे तर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण पंचवीसपट असायला हवे. आपले डोळे गणित मांडत नाहीत, पण निकाल मात्र तत्काळ देतात : हे खोटे आहे.

यावर उपाय काय? ३.२ ला ०.६४ ने भागले की ५ येतात, आणि ५ हे २५ चे वर्गमूळ आहे. तेव्हा प्रतिकृतीतील घटना पाचपट संथ करून दाखवल्या, तर त्या खऱ्या मापाच्या वाटतील. त्यासाठी कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २४ × ५ म्हणजे १२० चित्रे अशा वेगाने चालवायचा आणि नेहमीच्या वेगाने ती पडद्यावर दाखवायची. त्सुबुराया यांना हे तत्त्व ठाऊक होते. म्हणून त्यांनी विध्वंसाच्या दृश्यांत कॅमेरा वेगाने चालवला. पहिल्या चित्रपटातला गोजिरा आजही जड वाटतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

चालण्यालाही हाच नियम लागू पडतो. आपला पाय कंबरेपासून लंबकासारखा झुलतो. लंबकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक आवर्तन सुमारे दोन सेकंदांचे, तर पंचवीस मीटर लांबीच्या लंबकाचे सुमारे दहा सेकंदांचे. मुंगी तुरुतुरु धावते आणि हत्ती डुलत डुलत चालतो, त्याच्या मुळाशी हेच आहे. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत लहान मुलांसाठी चित्रपट भराभर काढले जाऊ लागले. त्यांत राक्षस कुस्ती खेळतात, उड्या मारतात, हातवारे करतात, आणि तेही माणसाच्या चपळाईने. जितकी चपळाई जास्त तितका राक्षस लहान. मग आपल्याला पन्नास मीटरचा प्राणी दिसतच नाही, दिसतो तो रबराचा अंगरखा घातलेला माणूस. आणि हसू फुटते.

पाण्याचे थेंब लहान होत नाहीत

राक्षस समुद्रातून वर येतो, तेव्हा त्याच्या अंगावरून पाणी ओघळते. त्या वेळी थेंबांकडे लक्ष द्या. पाण्याच्या थेंबाचा आकार पृष्ठताणावर अवलंबून असतो. पावसाचा थेंब पाच-सहा मिलिमीटरहून मोठा झाला तर तो फार काळ टिकत नाही, फुटून जातो. कुंडातल्या पाण्याला कॅमेऱ्यासमोर चाललेले नाटक कळत नाही. ते आपल्या नेहमीच्या मापाचे थेंब पाडत राहते. चार मिलिमीटरचा थेंब पंचवीसपट मोठा दिसला, तर पडद्यावर तो दहा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे सोललेल्या नारळाएवढा! प्रशांत महासागरातून नारळाएवढे थेंब उडताना पाहिल्यावर डोळे काय समजायचे ते समजतात.

कॅमेरा वेगाने चालवून लाटा संथ करता येतात, पण थेंब बारीक करता येत नाहीत. ज्वाळांचेही तसेच. म्हणून पाणी आणि आग हे प्रतिकृती करणाऱ्यांचे जुने वैरी. त्सुबुराया यांच्या मंडळींनी काही युद्धपटांत विमानातून दिसणारा दूरचा समुद्र दाखवण्यासाठी एक मजेशीर युक्ती केली. समुद्रशैवालापासून मिळणारा अगार, ज्याला आपल्याकडे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणतात, त्याचा जेलीसारखा थर देऊन त्यांनी समुद्र तयार केला. लाटा गोठलेल्या, थेंब नाहीत, बोभाटा नाही!

गॅलिलिओचा आक्षेप

समजा, चित्रण अगदी निर्दोष झाले. मग असा प्राणी खरोखर असू शकेल का? याचे उत्तर गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात देऊन ठेवले आहे.

दोन मीटर उंचीचा, ६४ किलोग्रॅम वजनाचा माणूस घ्या. त्याची उंची, रुंदी आणि जाडी प्रत्येकी पंचवीसपट करा. घनफळ किती वाढेल? २५ × २५ × २५ म्हणजे १५,६२५ पट. तेव्हा वजन होईल ६४ × १५,६२५ = १०,००,००० किलोग्रॅम, म्हणजे एक हजार टन. आता हाडे पाहा. हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ वाढले फक्त २५ × २५ म्हणजे ६२५ पट. भार १५,६२५ पट आणि ताकद ६२५ पट. प्रत्येक चौरस सेंटिमीटर हाडावर पूर्वीच्या पंचवीसपट ताण! माणसाच्या मांडीचे हाड त्याच्या वजनाच्या सुमारे दहापट भाराला मोडते, असे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात लिहिले आहे. (हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले.) म्हणजे आपला राक्षस शहर तुडवण्यापूर्वी पहिल्याच पावलाला मांडी मोडून खाली बसेल.

ही झाली माणसाच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतीची गोष्ट. गॉडझिलाचे वजन तर २०,००० टन सांगितले जाते! उलट गामेरा कासवाची उंची ६० मीटर आणि वजन अवघे ८० टन सांगतात. साठ मीटर उंच माणूस कल्पिला, तर त्याचे वजनसुद्धा सुमारे १,७०० टन भरेल, आणि गामेरा तर माणसाहून कितीतरी रुंद. त्याची घनता काढा : ती पाण्याच्या पाच शतांशांहूनही कमी येते. ही झाली थर्मोकोलची घनता! एकेकाळी गणपतीच्या मखरासाठी जे थर्मोकोल वापरत, त्याचेच हे कासव म्हणायचे. जोराचा वारा सुटला की ते जपानहून निघून थेट समुद्रात.

उडते कासव आणि न्यूटनचा तिसरा नियम

गामेराचा पहिला चित्रपट १९६५ चा, दाइएई कंपनीचा. या कासवाची उडण्याची पद्धत अजब आहे. ते डोके आणि पाय कवचात ओढून घेते, पायांच्या भोकांतून ज्वाळा निघतात आणि ते गरगर फिरत आकाशात जाते. हुबेहूब आपले भुईचक्र! पण भुईचक्र जमिनीवरच का फिरते? त्यातला वायू कडेने, आडवा बाहेर पडतो. त्याची प्रतिक्रिया चक्राला फिरवते, उचलत नाही. वर जायचे तर वायू खाली फेकला पाहिजे, अग्निबाणासारखा.

शिवाय डोक्याचा विचार करा. कवचाची त्रिज्या २५ मीटर आणि फेरी सेकंदाला एक, असे समजा. कडेशी अभिकेंद्री त्वरण येते सुमारे ९८७ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या शंभरपट. लढाऊ विमानाचे वैमानिक विशेष पोशाख घालून जेमतेम नऊपट सहन करतात. बिचारे कासव!

१९७३ च्या ‘गॉडझिला विरुद्ध मेगालॉन’ या चित्रपटात गॉडझिला धावत येऊन शेपटीवर उभ्याउभ्या लांबवर घसरत जातो आणि दोन्ही पायांनी शत्रूला लाथ मारतो. रबरी शेपटी आणि मातीची जमीन यांच्यातील घर्षण कुठे गेले, असे विचारायचे नाही!

पण एक दृश्य असे आहे, जिथे हसणाऱ्याचीच फजिती होते. १९७१ च्या ‘गॉडझिला विरुद्ध हेडोरा’ या चित्रपटात गॉडझिला शेपूट पोटाशी घेतो, तोंडातली ज्वाळा जमिनीकडे सोडतो आणि उलटा, पाठमोरा उडत जातो. हे पाहून प्रेक्षक लोटपोट होतात. परंतु इथे तत्त्व अगदी बरोबर आहे. ज्वाळा एका दिशेला, तर प्रतिक्रिया विरुद्ध दिशेला. अग्निबाण याहून वेगळे काय करतो? प्रश्न आहे तो फक्त प्रमाणाचा. २०,००० टन वजन उचलायला चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ या अग्निबाणासारखे सुमारे सहा अग्निबाण एकदम पेटवावे लागतील. खरे हसायला हवे ते दुसऱ्याच गोष्टीला : एवढा जोर असलेली ज्वाळा गॉडझिला एरवी उभ्याने समोर सोडतो, तेव्हा तो मागे उताणा कसा पडत नाही?

ओठ एक सांगतात, शब्द दुसरे

हे चित्रपट अमेरिकेत गेले ते इंग्रजी आवाज चढवून. जपानी वाक्यात मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते मध्येच येते. शब्द ओठांशी जुळायचे कसे? पात्र तोंड मिटते तरी बोलणे चालूच, किंवा तोंड हलते आहे आणि आवाज नाही. याचेही हसू येते. आपण फक्त कानांनी ऐकतो असे समजतो, पण मेंदू ओठांची हालचालही ‘ऐकत’ असतो. मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रयोगांनी दाखवले की, ओठ एक अक्षर उच्चारताना दिसले आणि कानी दुसरे पडले, तर कित्येकांना तिसरेच अक्षर ऐकू येते. डोळे आणि कान यांची फारकत मेंदूला सहन होत नाही.

जिथे हसू थांबते

आता त्या दुसऱ्या जागी जाऊ.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बचा चाचणीस्फोट केला. अंदाजाच्या सुमारे अडीचपट, म्हणजे १५ मेगाटन शक्तीचा तो निघाला. हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट! तेथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी नौका होती. नावाचा अर्थ ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. तिच्यावर २३ जण होते. पश्चिमेला आकाश उजळले. काही वेळाने वरून पांढरी राख पडू लागली. प्रवाळाचा चुरा होऊन किरणोत्सर्गी झालेली ती राख त्यांच्या अंगावर, केसांत, डोळ्यांत गेली. त्यांना उलट्या होऊ लागल्या, कातडी भाजली, केस गळू लागले. नौकेवरील बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मरण पावले. ते चाळीस वर्षांचे होते. या स्फोटानंतर महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले होते.

कुबोयामांच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांच्या आत गोजिरा पडद्यावर आला. तो चित्रपट सुरू होतो एका नौकेवर. खलाशी आरामात बसले आहेत, कोणी गाणे वाजवतो आहे. अचानक समुद्र पांढराशुभ्र उजळतो आणि नौका पेट घेते. त्या पेटत्या नौकेचा अर्थ जपानमधील प्रेक्षकाला सांगावा लागत नव्हता. दिग्दर्शक होंडा यांनी युद्धावरून परतताना हिरोशिमाचे अवशेष स्वतः पाहिले होते. चित्रपटात जळत्या शहरात एक आई लेकरांना कवटाळून बसली आहे. आता लवकरच आपण तुमच्या बाबांकडे जाऊ, असे ती त्यांना सांगते. रुग्णालयात एका लहान मुलाजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे गायगर यंत्र धरतात आणि ते कडकडू लागते. इथे कोणी हसत नाही. राक्षस रबराचा आहे, पण ते यंत्र ज्याची नोंद करते आहे ते खरे होते.

चित्रपटात सेरिझावा नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ आहे. त्याच्या हाती राक्षसाचा नाश करणारा शोध लागला आहे. पण तो शोध जगापुढे आला तर त्याचेही अस्त्र बनवले जाईल, हे त्याला कळते. शेवटी तो आपले सगळे कागद जाळतो, शोध एकदाच वापरतो आणि त्याचबरोबर स्वतःही समुद्रतळाशी प्राण देतो, म्हणजे ते ज्ञान कोणाच्या हाती लागणार नाही. त्याने केले ते योग्य की अयोग्य? ज्ञान असे नष्ट करता येते का? वर्गात या प्रश्नावर जरूर वाद घाला.

हा चित्रपट १९५६ साली अमेरिकेत दाखवला गेला तो कापून. मूळ लांबी ९६ मिनिटे होती, ती ८० मिनिटांवर आली. त्यातही एका अमेरिकन वार्ताहराची नवी दृश्ये घुसडली आणि अणुचाचण्यांविषयीचे बरेचसे बोलणे गाळले. दुःख कापून काढले आणि राक्षस तेवढा ठेवला. जगाने जो पाहिला आणि ज्याला जग हसले, तो हा राक्षस होता. मूळ चित्रपटाच्या शेवटी एक वृद्ध प्राणिशास्त्रज्ञ बजावतो की, चाचण्या अशाच चालू राहिल्या तर आणखी एखादा गोजिरा जगात कुठेतरी उगवेल. चाचण्या मात्र थांबल्या नाहीत. वातावरणातील चाचण्यांना बंदी करणारा करार व्हायला १९६३ साल उजाडले.

ज्याची टर उडवतात त्या हेडोराचीही गोष्ट अशीच. तो राक्षस जन्मतो सांडपाणी आणि धूर यांतून. त्या काळी जपानमध्ये मिनामाता येथे पाऱ्याने दूषित झालेले मासे खाऊन लोक पंगू झाले होते आणि योक्काइची येथे कारखान्यांच्या धुराने दम्याची साथ पसरली होती. चित्रपट हास्यास्पद होता, पण त्यातला विषय नव्हे.

तोहोच्या ‘गॉडझिला मायनस वन’ या २०२३ च्या चित्रपटाला २०२४ साली चमत्कृतिदृश्यांसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. आता संगणक थेंबाथेंबाचा आणि विटेविटेचा हिशेब करतो, त्यामुळे पाणी खऱ्या पाण्यासारखे उडते. बंबाच्या कोलांटीचे हसू आता कमी झाले. जुने चित्रपट मात्र पाहत जा, आणि पोटभर हसा. चुकीच्या मापाचा थेंब दिसला की हसा, घाईने पडणारी भिंत दिसली की हसा. ते तुमच्यातल्या गॅलिलिओचे हसू आहे. फक्त, पडद्यावर नौका पेटते तेव्हा क्षणभर थांबा. ती खरी ‘भाग्यवान ड्रॅगन’ नौका टोकियोमध्ये जतन करून ठेवली आहे. ती प्रतिकृती नाही. तिचे माप एकास एक आहे.

करून पाहा, विचार करा

१. वीस सेंटिमीटर आणि ऐंशी सेंटिमीटर लांबीचे दोन लंबक करा. प्रत्येकाच्या वीस आवर्तनांचा वेळ मोजा. लांबी चौपट झाल्यावर वेळ किती पट झाला?

२. काड्यापेट्यांचा मनोरा रचून तो बोटाने पाडा आणि मोबाइलवर त्याचे संथगती चित्रण करा. सेकंदाला १२० चित्रे घेऊन ती ३० च्या वेगाने दाखवली, तर मनोरा त्याच्या खऱ्या उंचीच्या किती पट उंच भासायला हवा? (सूचना : वेळ चौपट झाली आहे.)

३. मुंगी पंचवीसपट उंच झाली तर तिच्या पायांवरील ताण किती पट वाढेल? हत्तीचे पाय खांबासारखे जाड का असतात, ते यावरून सांगा.

शिक्षकांसाठी : वरील दुसरा प्रयोग वर्गात गटांनी करता येईल. प्रत्येक गटाने आपले चित्रण दाखवावे आणि इतरांनी ‘खोटे कुठे दिसले’ ते नियमाच्या आधारे सांगावे. नुसते ‘खोटे वाटते’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.